मागच्या बाकड्यावरचे पास्तर

रविवारची पहिली घंटा व्हायच्या आत पास्तर शांतवन वानखडे देवळात येत आणि पुढे उपदेशाच्या चौथऱ्याकडे, पुलपिटाकडे जायचं सोडून सरळ मागे जात. मागे भिंतीजवळ एक आखूड, बिनपाठीचं बाकडं होतं. खांद्यावरचा पंचा काढून ते बाकडं ते स्वतः पुसत. बाकीची बाकडी गावच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाया पाळीपाळीनं पुसायच्या. हे एवढं एक मात्र त्यांचं. पुसून झालं की पंचा दारात झटकायचा, परत खांद्यावर टाकायचा आणि मग पुढे जाऊन उपासनेची तयारी करायची.

त्या बाकड्याचं असं होतं. मंडळीतल्या कोणी दारू पिऊन गोंधळ घातला, बायकोला मारलं, खोटी साक्ष दिली, तर पंच बसत आणि त्याला शिस्तीखाली ठेवत. शिस्तीखालच्या माणसानं रविवारी त्या बाकड्यावर बसायचं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीची थाळी आणि प्याला सगळ्यांपुढून फिरे, पण त्याच्यापर्यंत येत नसे. मग एखाद्या रविवारी त्यानं उठून पुढे यायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "मी चुकलो." तेवढे दोन शब्द. ते झाले की पास्तर त्याला मिठी मारत आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसे. पुन्हा त्या गोष्टीचा उच्चार कोणी करायचा नाही, असा कडक दंडक होता, आणि बाकड्याचे हे सगळे नियम पास्तरांनीच घातलेले होते.

मी यवतमाळहून तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तरीण म्हणून गेले ते छप्पन्न साल. दिग्रसच्या अलीकडे मोटारीतून उतरायचं आणि मैलभर आत चालायचं, असं ते गाव. मला पेटी वाजवता यायची, म्हणून रविवारची पेटीही माझ्याच गळ्यात पडली. पहिल्याच रविवारी मी त्यांना बाकडं पुसताना पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कशाला पुसता हो? मी पुसते ना."

"इथं बसनाऱ्याले काय कमी लाज असते बाई?" ते म्हणाले. "त्यात त्याच्या कपड्याले धूळ कायले?"

माणूस उंच, हडकुळा. काळा कोट कोणा साहेबाचा उतरलेला असावा, बाह्या मनगटाच्या वर वीतभर राहायच्या. बायको, राहेलबाई, मी जायच्या आधीच वारलेल्या. मूलबाळ नाही. उपदेश इतका थोडक्यात करत की बायांना घरी जाऊन वरणाला फोडणी द्यायला वेळ मिळे. आणि कोणाची प्रार्थना फार लांबली, की मधेच हळू आवाजात म्हणत, "झाली प्रार्थना. आता उठा, कामं पडले हायेत." हे वाक्य त्यांनी सगळ्यांत जास्त कोणाला ऐकवलं असेल तर अब्राहाममामांना.

अब्राहाममामा मंडळीचे वडील, म्हणजे पंचांतले थोरले. जातीनं नव्हे, कामानं सुतार. मिशनच्या कारखान्यात लहानपणी शिकलेले. देवळातली सगळी बाकडी त्यांच्या हातची, ते मागचंसुद्धा. आणि गंमत पाहा, त्या मागच्या बाकड्यावर ते स्वतःही एकदा बसून आले होते. पाटलाच्या बैलगाडीला कच्चं लाकूड घालून पक्कं सागवान म्हणून सांगितलं, ते पास्तरांना कळलं. पाटलाला कळलंच नव्हतं, पण पास्तर म्हणाले, "मामा, लाकूड पाटलाले कळलं नाही, देवाले कळलं." मामा महिनाभर मागे बसले. उठून "मी चुकलो" म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. तेव्हापासून त्यांचा पास्तरांवर जीव होता. पुढे जे झालं ते शत्रूंनी केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

त्या वर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. आमच्या गावाला लागून नाल्यापलीकडे जी वस्ती होती, तिथली बहुतेक घरं तिकडे जाऊन आली. आले ते मान वर करून आले. मेलेली ढोरं ओढणार नाही, गावकीचा सांगावा घेऊन धावणार नाही, असं त्यांनी पाटलाला सांगून टाकलं. पाटलानं गावबंदी केली. वावरात काम नाही, दुकानात मीठ-तेल नाही. गावच्या विहिरीचा तर प्रश्नच नव्हता, ती त्यांची कधीच नव्हती. उन्हाळ्यात कोणा शेतकऱ्याच्या वावरातल्या विहिरीवर हात पसरून उभं राहायचं आणि वरून कोणी ओतलं तर भरायचं, अशी आजवरची रीत. आता तेही बंद. राहिला नाल्याच्या वाळूतला झिरा. चैत्रात त्यातून पाण्यापेक्षा गाळच जास्त निघायला लागला.

आमच्या कंपाउंडातल्या विहिरीला मात्र बारमाही पाणी. एका सकाळी शाळा भरवून मी बाहेर आले, तर विहिरीवर वस्तीतल्या बाया रांगेनं उभ्या, आणि पास्तर गडगडीवर दोर ओढून त्यांच्या घागरी भरून देताहेत. "तुम्ही कशाला ओढता?" मी विचारलं. तर म्हणाले, "आजचा दिवस मी वढतो. उद्यापासून त्याच वढतीन. पह्यल्या दिवशी पाव्हन्याले काम सांगत नाहीत."

मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुजबुजीचं कारण कोणी उघड बोलत नसे, मी बोलते. आमच्या मंडळीतल्या निम्म्या घरांचे आजे-पणजे त्याच वस्तीतून आलेले होते. वानखडे हे आडनावही नाल्याच्या अलीकडे होतं तसं पलीकडेही होतं. दोन पिढ्या खपून, साबण लावून, शाळा शिकून आमच्या लोकांनी गावाला ते विसरायला लावत आणलं होतं. आता एकाच विहिरीवर दोन्हीकडच्या घागरी टेकल्या आणि गावाला सगळं आठवलं. पाटलानं मंडळीलाही कामावरून काढलं. अब्राहाममामांकडे गाड्या यायच्या बंद झाल्या.

पंचांच्या बैठकीत मामा म्हणाले, "साहेब, पाणी द्याले माही ना नाही. पण माह्या घरच्यायच्या ताटात मी काय वाढू? उपदेश?"

पास्तर म्हणाले, "मामा, अर्धी भाकर माही घ्या. पण घागर उपडी करा म्हनू नका."

चेष्टेनं बोलले नव्हते. ते खरंच रोज आपली अर्धी भाकर फडक्यात बांधून मामांकडे पाठवायला लागले. मामांच्या बायकोनं ती दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा ठेवून घेतली.

मग मिशनचे जिल्ह्याचे सुपरिंटेंडंट जीपमधून आले. गोड माणूस. कोणाला दुखवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि असली माणसंच सगळ्यात जास्त दुखवून जातात, असा माझा अनुभव आहे. त्यांनी मधला मार्ग काढला. विहीर मंडळीची आहे, तर मंडळीची राहू द्या. पण बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या घरांनाही पाणी द्या. मिशनचा दवाखानाही त्यांना खुला ठेवा. "देवानं संधी आणून दिली आहे, वानखडे," ते म्हणाले. "पाच वर्षांत तुमच्याकडे एक नवा बाप्तिस्मा नाही. पाण्यासाठी येतील, वचनासाठी राहतील." सगळ्यांच्या माना डोलल्या. पास्तर म्हणाले, "विचार करतो," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्याच घागरी भरू दिल्या.

वैशाखातल्या एका रविवारी उपासना आटोपत आली होती. मी शेवटचं गीत वाजवत होते. तेवढ्यात दारात संपत येऊन उभा राहिला. वस्तीतला तरणाबांड गडी, मागे बायको कौसल्या, तिच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर. पोरीची मान कलंडलेली होती. गीत संपलं तसा संपत म्हणाला, "आमाले तुमच्यात घ्या जी."

देवळात असा आनंद झाला म्हणता! बाया उठून कौसल्येपाशी गेल्या. अब्राहाममामांनी तर हात जोडून डोळे मिटले. पाच वर्षांनी मंडळीच्या दारात कोणी आपल्या पायानं चालत आलं होतं. आता पाटलाचा राग, गेलेली कामं, सगळ्याचं चीज झालं असं प्रत्येकाला वाटलं. मलाही वाटलं.

पास्तर चालत दारापर्यंत गेले. "कायले यायचं हाये तुले, संपत?"

खोटं बोलायचं संपतला सुचलं नाही. "पाण्यापाई," तो म्हणाला. "अन् पोट्टी बिमार हाये. दवाखान्यात मंडळीवाल्यायलेच घेऊन राह्यले म्हणते."

"दसऱ्याले तू नागपूरले गेलता. कायले गेलता?"

"मानसावानी जगाले."

"मंग थे सरलं काय?"

संपत खाली पाहू लागला. 

"तान लागलेल्या मानसाले पाणी द्या लागते, बाप्तिस्मा नाही," पास्तर म्हणाले. "पाणी भर. मी आहो तोवर भर. पोट्टीची दवाई मी आणून देतो. अन् तुले कशाचीच गरज नसन ना, पाण्याची नाही, दवाईची नाही, कामाची नाही, तवा ये. तवा मी तुले परत पाठवनार नाही."

संपत गेला.  पास्तरांनी दवाई नेऊन दिली आणि पोर उठून बसली, तेवढं खरं. पण मंडळीत वणवा पेटला. पास्तरांनी बाप्तिस्मा नाकारला! दारात आलेले जीव परत लावले! हे असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. मी स्वतः त्यांच्यावर चिडले होते. म्हटलं, "एवढा काटेकोरपणा कोणासाठी? देव तरी असा दारात अडवून चौकशी करतो का?"

"देव नाही करत," ते म्हणाले. "पण देवाजवळ विहीर नाही, बाई. माह्याजवळ हाये. ज्याच्या हातात विहीर हाये, त्यानं कोनाले धर्म इचारू नाही."

यवतमाळला मिशनची जिल्हा सभा बसली, चांगली आठ दिवस. पास्तरांना बोलावणं आलं. सभेत पेटी वाजवायला म्हणून मीही गेले होते. लांबट टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि समोर एका खुर्चीवर हा माणूस, आखूड बाह्यांतले हात गुडघ्यांवर ठेवून. सुपरिंटेंडंटांनी विचारलं, "तुम्ही तीन जिवांना तारणापासून दूर ठेवलंत, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मी त्यांना पाणी भरा म्हणालो," पास्तर म्हणाले. मोठ्या लोकांसमोर ते पुस्तकी बोलत. "तेवढंच मला मान्य आहे."

पुलपिट काढून घेण्यात आलं. त्यांना शिस्तीखाली ठेवलं. आपल्याच मंडळीसमोर "मी चुकलो" म्हणेपर्यंत मागचं बाकडं. परतीच्या मोटारीत मी त्यांना म्हटलं, "म्हणून टाका ना हो. दोनच शब्द आहेत. कोणाचं काय जातं?"

"खोटी कबुली थेही पापच, बाई. मंग त्या पापापाई पुन्हा त्याच बाकड्यावर बसा लागन." आणि हसले. मला हसू आलं नाही.

गावात पोचलो, तर विहिरीवर फळ्यांचं झाकण आणि त्याला कुलूप. आम्ही यवतमाळला असतानाच पंचांनी ते केलं होतं. झाकण मामांनी बनवलं होतं. आणि संपतची पोर गेली होती. वस्ती पुन्हा झिऱ्यावर गेली, पोरीला हगवण लागली, आणि पास्तर गावात नव्हते. पुरूनही झालं होतं.

ते कंपाउंडात शिरलेच नाहीत. पिशवी माझ्या हातात दिली आणि तसेच नाला उतरले. मी मागोमाग गेले. झोपडीच्या दारात कौसल्या बसली होती. संपत आत होता, बाहेर आला नाही. कौसल्या म्हणाली, "झिऱ्याचंच पाजलं जी. दुसरं कुठून आणू?" पास्तर उन्हात उभे राहिले. त्यांनी प्रार्थनाही केली नाही. आयुष्यभर लोकांच्या दुःखात दोन शब्द बोलणं हेच ज्याचं काम, त्या माणसाला तिथे एकही शब्द सापडला नाही.

आठवड्यात पाऊस लागला आणि नाल्याला पाणी आलं. पेरणीला माणसं लागतात म्हणून पाटलानंही गावबंदी ढिली केली. असं इतकं सोपं ते मिटलं, की चीड यावी. फक्त संपत आणि कौसल्या गावात राहिले नाहीत. ती दोघं दिग्रसला गेली, आणि संपत सरकी काढायच्या एका कापसाच्या जिनात हमालीला लागला.

आणि पास्तर मागच्या बाकड्यावर बसायला लागले. मला वाटलं होतं, चार रविवार बसतील, मग दुसरीकडे कुठे निघून जातील. कुठचं काय! नवा तरुण पास्तर आला, मंडळीचं घर त्याला गेलं. हे कंपाउंडाच्या टोकाच्या खोलीत राहायला गेले आणि राहेलबाईंच्या शिलाईच्या मशीनवर शाळेतल्या पोरांच्या चड्ड्या शिवू लागले. रविवारी सगळ्यांच्या आधी येत, बाकडं पुसत, आणि आता त्यावरच बसत. थाळी आणि प्याला पुढून फिरत, ते मान खाली घालत. मी पेटीवरून पाहायची आणि माझा सूर चुकायचा. एकदा न राहवून म्हटलं, "तुमची चूक नाही असं तुम्हीच म्हणता, मग बसता कशाला तिथे?"

"नियम माह्याच हातचा हाये. दुसऱ्यायले लावला तवा गोड लागला. आता कडू लागते म्हणून मोडू काय?"

असा हेकट माणूस. मला त्यांचा राग येत असे, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

एका सोमवारी अब्राहाममामांनी बाकड्याला पाठ बसवली. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. रंधा मारून गुळगुळीत केलेली सागवानी फळी. पुढच्या रविवारी पास्तरांनी ती पंच्यानं पुसली आणि दारात उभ्या असलेल्या मामांकडे पाहिलं. "मामा, शिस्तीले पाठ असते काय?" मामा म्हणाले, "टेका ना जी जरासे. छातीत दुखते म्हणता." पास्तर टेकले नाहीत. पण त्या दिवशी मामांची प्रार्थना फार लांबली तरी मागून आवाज आला नाही.

एका हिवाळ्यात, कापसाच्या भर हंगामात, ते सकाळीच पायी दिग्रसला गेले आणि दिवस कलताना परत आले. पाय सुजलेले. मी भाकर-भाजी घेऊन गेले आणि विचारलं, "एवढं काय काम होतं?"

"एक निरोप होता."

"कोणाचा?"

"माहाच," म्हणाले, आणि भाकरीकडे पाहत बसले. मी जास्त विचारलं नाही. त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं.

साठ साल उलटून गेलं त्या पुढच्या एका हिवाळ्यात त्यांचं छातीचं दुखणं बळावलं. खाटेवरून उठवेना. एका दुपारी तरुण पास्तर थाळी आणि प्याला घेऊन आला. बरोबर अब्राहाममामा. मी उशाशी बसले होते. पोरगा चांगला होता. खाटेपाशी गुडघे टेकून म्हणाला, "साहेब, तोंडानं म्हणू नका. मान हलवली तरी पुरे. मी मंडळीला सांगतो, म्हणाले म्हणून."

मामा रडायला लागले. "हलवा ना जी मान. माह्यासाठी हलवा."

पास्तरांनी प्याल्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होते, कोण जाणे. एवढी भूक मी दुष्काळातही कोणाच्या डोळ्यांत पाहिली नाही. मग हळूच म्हणाले, "ज्याले म्हनाचं, त्याले म्हणून झालं." आणि तोंड भिंतीकडे केलं. आम्हाला वाटलं, देवाला म्हणाले असतील. मामांनी विचारलं, "मंग आमाले काहून नाही म्हणत?"  तरुण पास्तर थाळी झाकून घेऊन गेला. त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले.

शिस्तीखालच्या माणसासाठी मरणाची घंटा होत नाही. झाली नाही. शवपेटी मामांनी केली, पक्क्या सागवानाची, आणि बनवताना जवळ कोणाला येऊ दिलं नाही. कबरस्तानात मंडळी होती, वस्तीतलेही बरेच लोक कुंपणापाशी उभे होते. माती देऊन लोक पांगायला लागले, तेव्हा रस्त्याकडून एक माणूस घाईनं आला. डोक्याला, भुवयांना कापसाचा भुरका लागलेला. संपत होता. त्यानं मूठभर माती टाकली आणि तिथेच उभा राहिला. सगळे गेले तरी तो जाईना, म्हणून मीही थांबले.

"बाई," तो म्हणाला, "पास्तर आलते मायाकडे. जिनात. लेकरू गेल्यावरचा हिवाळा होता."

मला त्यांचे सुजलेले पाय आठवले. "काय म्हणाले?"

"म्हणाले, संपत, मी चुकलो. म्हणाले, मी तुले सांगतलं, गरज नसन तवा ये. तुमची गरज सरतच नाही, कोनी सरू देत नाही, हे मले समजा लागत होतं. बाप्तिस्मा द्याचा होता का नाही, थे मी देवाले इचारीन. पण तुयी पोट्टी गेली, त्यात मी चुकलो."

मंडळी जे दोन शब्द मरेपर्यंत मागत राहिली, ते असे जिनाच्या फाटकाशी म्हणून झाले होते, आणि आमच्यापैकी कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.  मी विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणनार बाई? कपाशीची बैलबंडी लागली होती, मुकादम आवाज देऊन राह्यला होता. मी बोझे वाहत राह्यलो. थे फाटकापाशी उभे होते. लय वेळ उभे होते. मंग पाह्यलं तं गेलते." त्यानं बाहीनं तोंड पुसलं, भुरका आणखीच पसरला. "राग होता ना बाई मनात. मंग राग गेला. म्हटलं, हंगाम सरला का जाईन अन् सांगीन, जाऊ द्या बाबा, झालं थे झालं. दर साली म्हणो. एक हंगाम सरते तं पोटासाठी दुसरं काही निघते. आज सकाळी जिनात कोनी सांगतलं, का पास्तर गेले."

त्यानं वाकून मातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. 

"तुमी इथंच राहता," संपत म्हणाला. "तुमीच सांगून द्या त्यायले."

मी "हो" म्हणाले. त्याला दुपारच्या पाळीला परत पोचायचं होतं, तो निघून गेला. मी तिथे उभी राहिले, पण नुकत्या ओढलेल्या मातीशी काय बोलावं ते मला सुचेना, आणि मी तशीच घरी आले. किती वर्षं झाली. मंडळीत आता वेगळी माणसं आहेत, अब्राहाममामाही गेले. निरोप माझ्याकडेच राहिला, आणि मीही आता थकले.

पास्तरसाहेब, संपत आला होता. म्हणाला, बाबाले सांगा, जाऊ द्या.